ग्रेनाडाचा राखणदार कोण?

आधीच सांगते. पांढरी वाळू बघायला म्हणून ग्रेनाडाला जाणार असाल तर जाऊ नका. पांढरी वाळू आमच्या गोव्यात मांद्र्यालाही आहे. गिऱ्हाइकांच्या पायांना लागून भाड्याच्या खोल्यांत येते आणि मी रोज ती झाडते. मी त्या बेटावर गेले ते लेकीच्या घराच्या पायासाठी. बाकी जे बघितलं ते त्या पायाच्या पायी बघितलं.

माझी दर्शना बोटीवर कामाला होती. मोठी, सहलीची बोट. तिथल्याच किचनमध्ये डेसमंड नावाचा काळा, उंच, कमी बोलणारा माणूस होता. लग्न केलं ते बोटीवरून उतरल्यावर, कचेरीत, मला फोनवर दाखवून. मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे मान्य केलं असं तिने धरलं. मग एक दिवस फोन.

"आई, डेसमंडच्या घरच्या जमनीत आमी घर बांधतांव. पायाक गाऱ्हाणां तूच घालूक होया."

"बायका गाऱ्हाणां घालतत?"

"बाबा नाय मगे आता. तू घातल्याशिवाय मी दगड ठेवूचंय नाय."

गाऱ्हाणं म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या शिवेवर राखणदार असतो. दिसत नाही, पण असतो. रात्री हातात काठी, अंगावर घोंगडी घेऊन गावाभोवती फिरतो, म्हणून त्याला नवीन वहाणा देतात. चालून चालून त्याच्या जुन्या झिजतात. घर बांधायचं, विहीर खणायची, बाग लावायची, काही असो, आधी नारळ-विडा ठेवून त्याला मोठ्याने सांगायचं की बाबा, आम्ही हे करतोय, तू सांभाळ. हे सांगणं म्हणजे गाऱ्हाणं. एक माणूस बोलतो, बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. आमच्या वाड्यावर हे काम दर्शनाच्या बाबांचं होतं. त्यांचा आवाज खणखणीत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण शब्द माझ्या कानात आहेत.

आता खरं सांगते, मी गेले तेव्हा मनात दुसरंच होतं. ती हट्टी आहे. मी गाऱ्हाणं घातलं नाही तर ती दगड ठेवणार नाही. दगड नाही तर घर नाही, आणि घर नाही तर ती येईल परत, असा माझा हिशेब.

मे महिन्यात गिऱ्हाईक संपलं, खोल्यांना कुलपं लावली आणि निघाले. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आम्हा पेडणे तालुक्यातल्यांना एक बरं झालं, घरातून भात जेवून निघता येतं. मोपा, मुंबई, लंडन, मग ग्रेनाडा. लंडनला विमान बदलायलाही वेगळा कागद लागतो, आधी बघून घ्या. कागदांचं सगळं दर्शनाने केलं, त्याबद्दल मला विचारू नका. मी चौथी शिकलेली. हे सुद्धा मी फोनला बोलून सांगते आणि तो लिहितो. माझं इंग्रजी खोल्या भाड्याने देता देता आलेलं, ते लंडनपर्यंत चाललं. ग्रेनाडात उतरल्यावर चालेना. ते लोक इंग्रजी बोलतात पण गाणं म्हटल्यासारखं, आणि शेवटचे शब्द गिळून टाकतात. उतरल्या उतरल्या तपासणीच्या साहेबाने माझी सुपारी आणि विड्याची पानं काढून घेतली. फेणीची बाटली मात्र राहिली. ह्यातून काय समजायचं ते समजा.

विमानतळ दक्षिणेला. तिथून पश्चिम किनाऱ्याने वर गुयाव नावाचं मासेमारीचं गाव, तिथे दर्शना राहते. रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. मी खिडकीतून बघत होते आणि माझं डोकं फिरायला लागलं. आंबा. फणस नव्हे, नीरफणस. केळी. जायफळाची झाडं, आमच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, असतात तशी. मग काजू! माझं माहेर लाटंबार्शाचं, काजूच्या झाडाखाली वाढलेली मी, मला काजू कोणी दाखवावा लागत नाही.

"हे सगळं आमचं इथे कोणी आणलं?" मी विचारलं.

डेसमंड गाडी चालवताना म्हणाला, "काजू आमचाच. तुमच्याकडेच कोणीतरी इकडून नेला असेल."

मला राग आला. दर्शना हसायला लागली. "खरां तां, आई. फिरंग्यांनी हाडलेलो."

म्हणजे ज्या झाडाखाली मी जन्म काढला ते झाड पाहुणं! पहिल्याच तासात ही गत.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती शंखाने. खोटं सांगत नाही. लांब, खोल, देवळात वाजतो तसा शंख. मी उठून बसले. मनात म्हटलं, आहे! देऊळ आहे, देव आहे, म्हणजे राखणदारही असणार. तोंड धुतलं, दारातली चार जास्वंदीची फुलं तोडली आणि पदर खोचून आवाजाच्या दिशेने निघाले. उतारावर माणसं जमलेली. मी हात जोडून पुढे घुसले. बघते तर एक पिकअप, त्यात बर्फ, बर्फावर मासे, आणि टपावर बसून एक माणूस मोठा शंख फुंकतोय. मासे आले की तिथे शंख फुंकून कळवतात. आमच्याकडे भोंगा वाजतो तसं.

मी फुलं घेऊन उभी. मासेवाल्याने फुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माझ्यासाठी?"

बायका खिदळल्या. मी फुलं त्याच्या वजनकाट्याच्या बाजूला ठेवली, दुसरं काय करणार, आणि टुना घेतला. ताजा, लाल, आमच्याकडे ह्या भावात मिळणार नाही. तिथल्या एका डॉलरला आपले तीसच्या वर रुपये धरा, तरीही मासा परवडतो. बाकी काही परवडत नाही. कांदा घेताना रडू येतं, चिरताना नाही. घरी येऊन त्याचं हुमण, म्हणजे आमची माशाची आमटी, केलं. डेसमंडने तीनदा घेतलं आणि एकदाही तोंड उघडलं नाही. जेवताना न बोलणारा माणूस मला आवडतो. पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

फिरायचं तर तिथल्या लहान बसमधून फिरा. टॅक्सीवाले पर्यटकाचं तोंड बघून भाडं सांगतात, मी स्वतः खोल्यांचं तेच करते म्हणून मला कळतं. बसला पाच-सहा डॉलरांत बराच लांबचा प्रवास होतो. बसमध्ये माणसं बटाट्यासारखी भरतात, गाणी कान फोडतात, आणि उतरायचं झालं की पत्र्यावर हाताने थापा मारायच्या. हे मला जमलं. दुसरं जमलं नाही. मी चढले, बसले, तर मागून एका म्हातारीचा आवाज.

"आम्ही काय बकऱ्या आहोत?"

मी वळून बघितलं. मलाच म्हणत होती. तिथे बसमध्ये चढणाऱ्याने सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं असतं. न म्हणता बसलं तर आईबापांनी शिकवलं नाही असं धरतात. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, आता झालं?" म्हातारी म्हणाली, "दुपार झाली."

सगळी बस हसली. मीही हसले, मला वाटतं.

ही म्हातारी कोण ते नंतर कळलं. डेसमंडच्या आजीची बहीण, सगळे तिला टँटी म्हणतात. टँटी म्हणजे मावशी, आत्या, काकी, सगळं एकच. जमीन तिच्या घराण्याची. एके दिवशी ती मला जायफळाच्या गोदामात घेऊन गेली, तिथे तिने आयुष्यभर काम केलेलं. जुनी लाकडी इमारत, आत शिरलात की वास आठ दिवस कपड्यांतून जात नाही. बायका बसून जायपत्री निवडतात. पर्यटक फार येत नाहीत, थोडे डॉलर घेऊन सगळं फिरवून दाखवतात. नक्की जा.

मी टँटीला सरळ विचारलं, "तुमच्या गावाचा राखणदार कोण?"

"पोलीस?"

"पोलीस नाही. जागेचा मालक. जो दिसत नाही."

ती म्हणाली, "आमचे गेलेले लोक. माझी आई, तिची आई."

"ती तुमची माणसं झाली. जागेचं कोण?"

"जागा आधी आमची नव्हती," ती म्हणाली. "आम्हाला कोणी विचारून आणलं नाही इथे."

"मग आधी कोणाची होती?"

"उत्तरेला जाऊन बघ," म्हणाली.

म्हणून उत्तर. सोतेर नावाचं गाव, बेटाच्या टोकाला. डेसमंडने मित्राची गाडी आणली. वाटेत काळ्या वाळूचे किनारे लागले, तव्याच्या बुडासारखी काळी वाळू. बेटावरच्या जुन्या ज्वालामुखीची, असं डेसमंडने सांगितलं. मला ती घाणेरडी वाटली, मग पायात घेतली तर आमच्यापेक्षा मऊ.

सोतेरला चर्चच्या बाजूला दफनभूमी आहे, तिच्यापुढे कडा. खाली समुद्र आपटत असतो. बेटाचे मूळचे लोक फ्रेंच गोऱ्यांच्या हाती लागायचं नाही म्हणून ह्या कड्यावरून उड्या मारून गेले. बायका, मुलं, सगळे. डेसमंडने एवढंच सांगितलं आणि टोपी काढली. बघायला कोणी नव्हतं, आम्ही तिघंच. मी खाली बघितलं आणि मागे सरले.

तिथून जवळ एका ओढ्याच्या घळीत मोठा दगड आहे, रस्त्यावरून वाकून बघावा लागतो. पाटी धड नाही, गाडीवाले न बघता पुढे जातात. दगडावर तोंडं कोरलेली आहेत. गोल डोळे, गोल तोंड, पोराने पाटीवर काढावीत तशी. त्याच लोकांची, उडी मारण्याच्या आधीच्या काळातली. मी हात जोडले. दर्शनाने विचारलं, "आई, होच काय राखणदार?"

ज्यांची जागा, ते गेले. जे आहेत, त्यांना कोणीतरी आणून टाकलेलं. मग गाऱ्हाणं घालायचं कोणाला? म्हणजे मला कारण मिळालं होतं. न घालण्याचं. मी तोंड उघडून म्हणायचं होतं फक्त, की दर्शू, इथे राखणदार नाही, इथे घर होणार नाही, चल घरी.

मी म्हटलं, "ऊन लागतां. चला."

येताना अंतोन नावाचं तळं दाखवलं. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं, थाळीसारखं गोल, भोवती नारळ आणि केळी. गोव्यात मयेच्या तळ्यावर आपण बोटी, दुकानं, आरडाओरडा करून ठेवलाय. इथे काही नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. पाणी घेऊन जा. एक माणूस गाय चारत होता, त्याने लांबून गुड आफ्टरनून म्हटलं. मी त्याच्या आधी म्हणायला हवं होतं. शिकायला वेळ लागतो.

तळ्याच्या काठाला दर्शना माझ्या बाजूला बसली.

"आई, तू कित्याक इलस तां माका ठाऊक आसा."

"कित्याक?"

"माका न्हेवूक."

मी काठाचं गवत उपटायला लागले. ती म्हणाली, "न्हेय मगे. मी येतंय. पण तू सांग, हय राखणदार नाय म्हणून. तुज्या तोंडान सांग."

मला सांगायचं होतं. खरंच. पण डेसमंड तिकडे गाडीच्या टपावर नीरफणस बांधत होता, पायाच्या दिवशीच्या जेवणासाठी, आणि दोरी सारखी सुटत होती, आणि मी ओरडले, "अरे, तशी नाही! उलटी गाठ मार!" आणि उठून गेले. विषय राहिला.

शनिवारी पाया. तिथे अशा कामाला पैसे देऊन माणसं आणत नाहीत. अख्खी आळी येते. पुरुष सिमेंट कालवतात, बायका तीन दगडांवर मोठा टोप चढवतात. टोपात नीरफणस, हळद, खारवलेलं डुकराचं मांस, वरून अळूची पानं आणि नारळाचा रस, तो आटून तेल सुटेपर्यंत. मला डुकराचं चालत नाही म्हणून खाऱ्या मासळीचा वेगळा लहान टोप. हा पदार्थ हॉटेलात मागू नका, कोणाच्या तरी अंगणात खा. अळूच्या पानांच्या शिरा कोणी नीट सोलल्या नव्हत्या, मी बसून सगळ्या परत सोलल्या. कोणी मला कशाला म्हणून विचारलं नाही. सरकून जागा दिली.

मग टँटी उठली. एका हातात रम, एका हातात पाणी. चर खणला होता त्याच्या कोपऱ्यांवर शिंपडत गेली आणि नावं घेत गेली. तिची आई, आजी, पणजी. मग ज्यांची नावं ठाऊक नाहीत ते. मग बाटली खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दर्शना दगड हातात धरून उभी. भलता जड दगड. खाली ठेवत नव्हती. डेसमंडने खालून हात लावला तर तिने कोपराने ढकलला.

मी आता नाही म्हटलं असतं तर माझं काम झालं असतं.

पण पोरीच्या हातात दगड होता हो! मी नारळ उचलला, फेणीचं बूच काढलं, समुद्राकडे तोंड केलं. समुद्र पश्चिमेला, आमच्यासारखाच, ऊन तसंच डोळ्यांत. आणि तोंडातून दर्शनाच्या बाबांचे शब्द निघायला लागले, मी काढले नाहीत, ते निघाले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! आज हय तुजी लेकरां घराचो पायो घालतत..."

"होय म्हाराजा!" दर्शनाने सगळ्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं. मासेवालाही आला होता, तो सगळ्यांत मोठ्याने.

"काय चुकलां-माकलां आसात तर पदरात घे, वायटाक वाट दाखय, बऱ्याक दार दाखय..."

"होय म्हाराजा!"

मी थांबलेच नाही. शीव सांगितली, नारळ फोडला. पांढरा स्वच्छ निघाला. दर्शनाने दगड ठेवला. मासेवाल्याने शंख फुंकला. ह्या वेळी मासे नव्हते.

टँटीने माझा हात धरला आणि म्हणाली, "आता तू कोणाला बोलावलंस?"

मी म्हटलं, "मालकाला."

ती म्हणाली, "बरं झालं. कोणीतरी पाहिजेच होतं."

मला कळलं ते परतीच्या विमानात. खाली नुसतं काळं पाणी, बाजूचा माणूस घोरतोय, आणि मी मनात गाऱ्हाणं परत म्हणत होते, नीट झालं का बघायला. आणि मधेच थांबले. शीव! मी शीव कुठली सांगितली? "उत्तरेक हरमलची शीम, दक्षिणेक मोरज्याची शीम, उदेतेक पेडण्याचो डोंगर, अस्तमतेक दर्यो, ह्या चार शिमांच्या मदी तुजी राखण..." मला येतं तेच एक गाऱ्हाणं, आमच्या मांद्र्याचं. दर्या दिसला आणि जीभ वळली. ग्रेनाडातलं घर मी मांद्र्याच्या राखणदाराच्या ताब्यात देऊन आले होते.

आता काय म्हणायचं ह्याला? तिथल्याला काहीच कळलं नाही, इथल्याला न विचारता काम लावलं. आणि मी तर तिला तिथे सोपवायला तयार होते की नव्हते, तेही मला आता नक्की सांगता येत नाही.

घरी आल्यावर दर्शनाला फोन केला. "दर्शू, एक चूक झाली गे."

"शिमेची?"

"तुका कळलेलां?"

"माका नाय कळूचां? लहानपणापासून आयकतंय."

"मगे थांबयलस कित्याक नाय?"

फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता. भिंती अजून झाल्या नव्हत्या. मग ती म्हणाली, "मीच सगळ्यांत आदी होय म्हाराजा म्हटलंय, आई."

पुढच्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात गेले. चामड्याच्या वहाणा विकणारा एक कोल्हापूरचा आहे, त्याच्याकडे. म्हटलं, सगळ्यांत जाड तळाच्या दे.

"कोणत्या नंबराच्या, मावशी?"

"मोठ्यातल्या मोठ्या."

"रोजच्या वापराला की घालून मिरवायला?"

"चालायला. लांब जायचं असतं त्याला."

"किती लांब?"

"तू वहाणा दे रे! चौकशी कशाला?"

त्याने दुहेरी शिलाईच्या दिल्या. त्या, नारळ, विडीचं बंडल आणि उरलेली फेणी घेऊन मी शिवेवरच्या वडाखाली गेले. जुन्या वहाणांच्या शेजारी नव्या ठेवल्या. गाऱ्हाणं घातलं नाही. साधं सांगितलं, माणसाला सांगतात तसं. म्हटलं, मधे समुद्र आहे, कसा जातोस ते तू बघ. तिथे पोहोचलास की आधी गुड मॉर्निंग म्हण, नाहीतर बकऱ्या का म्हणून विचारतात. जागेचे जे आधीचे आहेत, ते दगडात आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. टँटीची माणसंही तिथे आहेत, त्यांच्याशी जमवून घे. आणि इकडची फेरी चुकवू नकोस, मी एकटी असते.

लोक मला विचारतात, ग्रेनाडा कसं आहे, जावं का. जावं. एप्रिल-मे बरा, मासा खा, बसने फिरा, तळ्यावर पाणी घेऊन जा. आमच्यासारखं आहे का, तर आहे आणि नाही. मला नीट सांगता येत नाही. घराच्या भिंती आता खिडक्यांपर्यंत आल्यात, दर्शना रोज फोटो पाठवते.

परवा वडाकडून जाताना बघितलं तर नव्या वहाणांच्या तळांना वाळू लागलेली. आता मांद्र्यात वाळू सगळीकडेच असते, त्यात काही नवल नाही. पांढरी होती की काळी, ते बघायला मी वाकले नाही.